खूण लावलेले प्रतिपिंड

गोंदियाकडच्या विडी कामगारांत आमची हयात गेली. म्हणून त्यांच्याच बाजूने बोलतो. प्रतिपिंड आपले प्रथिन नेमके ओळखून त्याला चिकटते. त्याला रंगाची खूण जोडली, की ते प्रथिन सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. अमेरिकेत कून्स व सहकाऱ्यांनी हे १९४१ साली साधले. त्याच साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले. स्तनाच्या काही कर्करोगांत पेशीला ‘वाढ’ असा हुकूम पोचवणारे हर-टू प्रथिन फाजील असते. खुणेने ते सापडले, म्हणजे कोणते औषध द्यावे ते ठरते. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर व मिल्स्टाईन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची रीत काढली. तिचे पेटंट कुणी घेतले नाही. ज्ञान असे मोकळे राहिले, तर विडी वळणाऱ्या बाईची तपासणी पैशावाचून अडता कामा नये. ही मागणी आम्ही आपणांपुढे ठेवतो.