पार्श्वभूमीचे कोडे

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास अशा विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्या मालिकेत कॅमेऱ्याच्या भिंगासारखा रुक्ष विषय कशाला, अशी शंका कुणाच्या मनात आली तर ती अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु आपल्या घरांतील मुलेमुली आता सुट्टीत कान्हा, भरतपूर, काझीरंगा येथे जातात, साठवलेल्या पैशांतून टेलिफोटो भिंग घेतात आणि पुष्कळदा खिन्न होऊन परततात. प्राणी उत्तम टिपलेला असतो. पण त्याच्यामागचे गवत चमत्कारिक दिसते. प्रत्येक काडी दुहेरी, प्रकाशाचे ठिपके कडा कोरल्यासारखे, सारा पडदाच अस्वस्थ. मग भिंग सदोष ठरवावे, विकावे आणि अधिक महाग घ्यावे, हाच मार्ग सुचतो. तो पत्करण्यापूर्वी दोषाचे मूळ शोधावे, एवढीच माझी विनंती आहे.

प्रथम धूसरपणाचे स्वरूप पाहू. ज्या अंतरावर भिंग जुळवले असेल, त्याच्या मागचा प्रत्येक प्रकाशबिंदू चित्रात एका चकतीएवढा पसरतो. या पसरण्याच्या गुणवत्तेला जपानी भाषेत ‘बोके’ म्हणतात. १९९७ साली अमेरिकेतील ‘फोटो टेक्निक्स’ या नियतकालिकातील लेखांमुळे हा शब्द इंग्रजीत रुळला. चकती केवढी होईल, हे साध्या त्रैराशिकाने काढता येते. ४०० मिलिमीटरचे भिंग ५.६ या ॲपर्चरला उघडले, तर त्याचे द्वार सुमारे ७१ मिलिमीटरचे होते. समजा, बारासिंगा ३० मीटरवर उभा आहे आणि त्याच्यामागे ६ मीटरवर गवत आहे. बारासिंग्याच्या ठिकाणी मोजली तर गवतातील बिंदूची चकती ७१ च्या एकषष्ठांश, म्हणजे जेमतेम १२ मिलिमीटर भरते. तेच मागे कॅमेऱ्यापासून ९० मीटरवर सालवृक्षांची रांग असेल तर चकती ४७ मिलिमीटरची होते. झाडे विरघळून हिरवा पडदा होतो. गवत मात्र विरघळत नाही. काडीची जाडी आणि चकतीचा आकार यांत फारसे अंतरच नसते.

आता काडी दुहेरी का दिसते? पुष्कळ भिंगांच्या रचनेत पार्श्वभूमीच्या चकतीची कड मध्यभागापेक्षा उजळ असते. अशा चकतीने रेघ पसरली की एकीच्या दोन रेघा होतात. हा भिंगाचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. टेलिकन्व्हर्टर जोडल्यास तो अधिक उघड होतो. आरशाच्या टेलिफोटो भिंगात तर मध्यभागी दुसरा आरसा बसवलेला असतो, त्यामुळे चकतीच्या जागी बांगड्याच उमटतात. त्यावर उपाय एकच: पार्श्वभूमी दूरची निवडणे.

परंतु काही दोष भिंगाचे नसतातच. ते ओळखण्याची कसोटी सोपी आहे. एकाच दृश्याची लागोपाठ दहा छायाचित्रे घ्यावीत. दोष प्रत्येक चित्रात बदलत असेल तर संशय हवेवर किंवा कंपनरोधक यंत्रणेवर घ्यावा. तो जसाच्या तसा राहत असेल तर काचेवर, शटरवर किंवा मध्ये आलेल्या अडथळ्यावर.

हवेचा दोष ऊन चढल्यावर दिसतो. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा प्रकाशाला वेडावाकडा वळवते. पार्श्वभूमी लहरी होते आणि प्राण्याचे केसही मऊ पडतात. जीपच्या तापलेल्या बॉनेटवरून नेम धरल्यास हेच घडते. यावर कोणतेही महाग भिंग चालत नाही. पहाटेची वेळ आणि कमी अंतर एवढेच चालते. कंपनरोधक यंत्रणा भिंगातील एक घटक सतत हलवीत असते. शटर १/१००० सेकंदाहून वेगवान असताना ती बंद करून पाहावी. कधी कधी पार्श्वभूमीची थरथर तेवढ्याने थांबते.

दोष स्थिर असेल तर पहिल्याने भिंगापुढचा संरक्षक फिल्टर काढावा. स्वस्त फिल्टरची काच पूर्ण सपाट नसते. लहान भिंगावर ते जाणवत नाही. लांब भिंगावर मात्र पार्श्वभूमीत रेघोट्या उठतात. नंतर शटर तपासावे. अनेक नव्या कॅमेऱ्यांत पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक असतो. ॲपर्चर मोठे आणि वेग फार असला तर चकत्या एका बाजूने कापल्यासारख्या दिसतात. पूर्ण यांत्रिक शटर निवडले की त्या सावरतात. शेवटी अडथळा. भिंगाजवळचे गवत किंवा फांदी डोळ्यांना दिसत नाही, पण ती द्वाराचा काही भाग झाकते आणि प्रत्येक चकतीवर आपला ठसा उमटवते. कॅमेरा वीतभर बाजूला सरकवून पाहावा. ठसा बदलला तर गुन्हेगार सापडला.

हा तपास जंगलात करू नये. तेथे वेळ प्राण्याचा असतो. घरच्या गच्चीवर, गार सकाळी, ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून, स्टुलावर पितळी तांब्या आणि मागे एखादे झाड एवढी सामग्री पुरे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन औषधे एकदम दिली तर गुण कशाचा, हे वैद्यालाही सांगता येत नाही.

हे सारे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण पैशांपुरते नाही. दोष समजला नाही की माणूस जवळ जाऊ पाहतो. चालकाला गाडी पुढे घ्यायला लावतो, आणि चरणारे जनावर मान वर करून चालू लागते. किंवा घरी येऊन संगणकावर मागचे गवत पुसून टाकतो. कान्ह्यातील बारासिंगा जवळजवळ सर्वस्वी गवतावर जगतो. १९७० साली तेथे केवळ ६६ बारासिंगे मोजले गेले होते. पुढे काही गावे उद्यानाबाहेर वसवली गेली, त्यांच्या शेतांवर पुन्हा कुरणे उभी राहिली आणि कळप सावरले. आपण ज्याला पार्श्वभूमीची कटकट म्हणतो, त्या गवतानेच तो प्राणी तारला. ते धूसर असावे, शांत असावे. पण चित्रातून नाहीसे होऊ नये.

आपण सारे मुलखापासून दूर राहून आपापले काम करीत आहोत. आपल्यामागेही एक भाषा, एक घर, काही माणसे उभी आहेत. फोकस त्यांच्यावर नसला तरी चित्रात त्यांना जागा हवी. आणि तशी जागा या मंडळाने पन्नास वर्षे राखली आहे. पुढच्या पिढीनेही ती राखावी, अशी सदिच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.