केस-पेपर कोणाचा?

डॉक्टर नाडी बघतात, जीभ बघतात, दोन-चार प्रश्न विचारतात आणि समोरच्या कागदावर भराभर काहीतरी लिहितात. ते काय लिहिले, असे आपण कधी विचारले आहे काय? बहुधा नाही. भटजींना मंत्राचा अर्थ आणि डॉक्टरांना कागदावरचा मजकूर विचारायचा नसतो, असे आपण धरूनच चालतो. वास्तविक त्या कागदावर नाव आपले, वय आपले, दुखणेही आपलेच. आणि तो वाचायचा मात्र इतरांनी!

आता हा कागद संगणकात गेला आहे आणि तिथून रोग्याच्या हातातल्या मोबाइलवर येऊ लागला आहे. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतल्या कुटुंबवैद्यांवर ३१ ऑक्टोबर २०२३ पासून तशी जबाबदारीच घालण्यात आली. रोग्याविषयी यापुढे जी नोंद कराल, ती त्याला घरबसल्या पाहता आली पाहिजे. यात एवढे मोठे काय, असे कोणी म्हणेल. ते कळण्यासाठी मँचेस्टरजवळच्या हाइड नावाच्या गावी जायला हवे.

या गावात हॅरोल्ड शिपमन नावाचा डॉक्टर होता. घरी येऊन विचारपूस करणारा, लोकांच्या विश्वासातला. हा मनुष्य आपल्या रोग्यांना, त्यांतही बहुतेक वृद्ध स्त्रियांना, मॉर्फीनच्या जातीचे औषध जबर मात्रेत टोचून ठार मारीत असे. जानेवारी २००० मध्ये १५ खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली. पुढे २००२ साली चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी बळींचा आकडा २१५ सांगितला. इतकी वर्षे हे खपले कसे? एक कारण कागदांत आहे. काही बायका दगावल्यावर याने संगणकावर बसून, मागच्या तारखा घालून, त्यांच्या नावे हृदयविकाराच्या नोंदी केल्या. म्हणजे मृत्यू कसा अगदी अपेक्षित दिसावा! पण प्रत्येक नोंद खरोखर कोणत्या दिवशी आणि किती वाजता झाली, हे संगणक गुपचूप टिपून ठेवीत होता. खटल्यात तेच त्याच्या अंगाशी आले.

मी इतिहास शिकवणारा माणूस. वैद्यकातले मला काही कळते असा माझा दावा नाही. परंतु कागदाचे थोडेफार कळते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आम्हाला शिकवले ते हेच, की मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा त्या वेळचा अस्सल कागद खरा मानावा. शिपमनने बखर लिहिली आणि तिला अस्सल कागदाचे कपडे चढवले. आणि ती बखर तपासणारा कोणी नव्हता, कारण ज्याच्याविषयी ती लिहिली, त्याच्या हाती ती कधी पडायचीच नव्हती.

त्याच दवाखान्याचा कारभार २००० साली डॉ. अमीर हन्नान यांनी हाती घेतला. कल्पना करा, त्या खुर्चीत बसायचे! 'माझ्यावर विश्वास ठेवा' असे तोंडाने सांगून त्या गावात कोण ऐकणार? त्यांनी रोग्यांना आपापली नोंद संगणकावर उघडून वाचण्याची मोकळीक दिली, देशभर सक्ती होण्याच्या कितीतरी वर्षे आधी. यामुळे शिपमन थांबला असता, असे मी म्हणणार नाही. मेलेल्या बाईला आपली नोंद वाचता येत नाही. पण जिवंत माणसाला येते; आणि 'अहो, मला छातीचं दुखणं कधीच नव्हतं' असे म्हणणारा एक साक्षीदार कागदाला मिळतो. खून तर दूरच राहिले, रोजच्या चुका काय थोड्या असतात? उजव्याचा डावा गुडघा होतो, बंद केलेली गोळी चालूच राहते, ज्या औषधाने अंगावर पित्त उठते ते लिहायचे राहून जाते. डॉक्टरांपुढे दिवसात पन्नास माणसे. रोग्यापुढे स्वतःचा एकच कागद. तो अधिक बारकाईने कोण वाचील?

डॉक्टरांची भीती अशी, की लोक घाबरतील, वाद घालतील, फोन करकरून जीव नकोसा करतील. अमेरिकेत २०१० साली बॉस्टन, पेनसिल्व्हानिया आणि सिएटल अशा तीन ठिकाणच्या १०५ डॉक्टरांनी हा प्रयोग करून पाहिला. उत्तर देणाऱ्या रोग्यांपैकी शेकडा ७७ ते ८७ जणांनी सांगितले, की आपल्या उपचारावर आपला ताबा आहे असे वाटू लागले. नोंद वाचून धसका किंवा गोंधळ झाला असे म्हणणारे शेकडा १ ते ८ निघाले. वर्ष संपल्यावर एकाही डॉक्टराने खिडकी पुन्हा लावून घेतली नाही. तरी ती भीती अगदीच खोटी नव्हे. २०२१ च्या एप्रिलपासून त्या देशात तपासणीचे निकालही तयार होताच रोग्याला दिसू लागले. गाठ कसली आहे, हे रात्री अकरा वाजता, एकट्याने, मोबाइलवर वाचायचे! मला विचाराल तर असा निकाल आधी माणसाच्या तोंडून कळावा.

आपल्याकडचे काय? मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच निकाल दिला, की गुप्ततेचे कारण सांगून रुग्णालयाला रोग्यापासून केस-पेपर लपवता येणार नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे, मागणी केल्यास तिची पोच देऊन ७२ तासांत कागद द्यावे लागतात. सप्टेंबर २०२१ पासून देशभर 'आभा' नावाचा चौदा आकडी क्रमांक मिळू लागला. नोंदी त्या त्या दवाखान्यातच राहतात. त्या क्रमांकाने त्या एकत्र पाहता येतात आणि आपण संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. योजना चांगली आहे. पण जिथे डॉक्टर अजून कागदाच्या चिठ्ठीवरच लिहितात, तिथे मोबाइलमध्ये येणार काय?

आणि आले तरी वाचणार कसे? नोंद इंग्रजीत, तीही आद्याक्षरांत. 'बी. डी.' म्हणजे दिवसातून दोनदा, 'एच. एस.' म्हणजे झोपताना, हे आपल्याला कोणी सांगितले आहे? मुंबईच्या निकालाने कागद हाती दिला, वाचा नाही दिली. निदान घरी जाताना जो कागद मिळतो, त्यावर रोगाचे नाव आणि औषधांच्या वेळा मराठीत लिहायला काय हरकत आहे? एस. टी.चे तिकीटसुद्धा मराठीत मिळते की!

दुसरी अडचण घरातली आहे आणि ती मला अधिक टोचते. पुष्कळ घरांत एकाच मोबाइलवर चौघांचे व्यवहार चालतात, आणि तो मोबाइल असतो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात. सुनेने डॉक्टरीणबाईंना विश्वासाने सांगितलेली गोष्ट, मग ती मुलाबाळांविषयी असो की दंडावरच्या वळाविषयी, संध्याकाळी त्याच खिशात वाजली तर? इंग्लंडमध्येही डॉक्टरांनी हीच शंका काढली होती. तेव्हा आपला क्रमांक काढताना कोणाचा मोबाइल लिहून देत आहोत, इकडे नीट पाहा. घरातल्या बाईचा असेल तर तिचा स्वतःचा द्या. नसेल तर तूर्त तिचे कागद कापडी पिशवीत, तिच्याच ट्रंकेत राहू द्या.