चव टिकवायची तर…

मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आपल्या घराघरांत गोडा मसाला वेगळा, तशीच प्रत्येक ब्रुअरीची बिअर वेगळी. तिथला मसाला म्हणजे हॉप्स, एका वेलीची फुलं. उकळीच्या सुरुवातीला घातली की कडवटपणा उतरतो, शेवटी घातली की सुगंध राहतो. १८४२ पासूनच्या पिल्सनर उर्केलची ओळख चेक साझ हॉप्स. १९८० पासूनच्या सिएरा नेवाडा पेल एलची, पपनसाची आठवण देणारे कॅस्केड. पण फुलांचा कडवटपणा दरवर्षी कमीजास्त होतो. तो मोजून माप बदललं, तरच चव तीच राहते! म्हणून मंडळी, मुलांना मसाल्याची नुसती वही देऊ नका. दगडफुलाचा वास ओळखायलाही शिकवा. माप मग त्यांचं तेच ठरवतील. शुभ दीपावली!