लेकराशी बोला, आपल्याच बोलीत

(मोहर्ली येथे अंगणवाडीतील मुलांच्या पालकांचा मेळावा झाला. त्यात आपल्या एका ज्येष्ठ बालवाडी शिक्षिकेने केलेले हे भाषण. त्यांचे बोलणे होते तसेच ठेवले आहे.)



आज्यांनो, तुम्ही मागे का बसलात? आजचं बोलणं जास्त करून तुमच्याच कामाचं आहे. जरा पुढं सरका.

मघाशी एक बाई मला म्हणाली, "ताई, मी काय शिकवणार? मला सही येत नाही. शिकवायचं काम अंगणवाडीच्या ताईचं." हे वाक्य मी इतकी वर्षं गावोगाव ऐकत आले. म्हणून आज मी या एका वाक्याचंच उत्तर देणार आहे.

बाई, तू तेंदूपत्ता तोडायला जातेस ना? एका पुडक्यात पानं किती? 70. असे 1000 पुडके झाले की एक गोणी धरतात. उन्हातून येऊन तू अंगणात बसतेस, फाटकं पान बाजूला टाकतेस, चांगलं ठेवतेस, पानावर पान लावतेस, 70 मोजून बांधतेस. निवडणं, जुळवणं, मोजणं, लहान-मोठं ओळखणं, हेच आम्ही बालवाडीत शिकवतो. आमच्याकडे त्यासाठी रंगीत मणी असतात, तुझ्याकडे पानं आहेत. मग तुला शिकवता येत नाही, हे कोणी सांगितलं?

आता माझी एक चूक सांगते. मी नवीन असताना दुसऱ्या एका गावात बालवाडी चालवत होते. चार वर्षांची एक मुलगी यायची. मी अननसाचं चित्र दाखवायची, आगगाडीचं दाखवायची, "हे काय आहे, सांग" म्हणायची. ती नुसती बघत राहायची. पावसाळा गेला, हिवाळा गेला, पोरगी एक शब्द बोलली नाही. मी वहीत तिच्या नावापुढं लिहून टाकलं, 'मंद'.

मार्च महिन्यात मी तिच्या घरी गेले. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. आजी आणि नात फुलांतला कचरा निवडत होत्या, आणि ही माझी 'मंद' पोरगी गोंडीत सारखी बोलत होती. उंदी, रंड, मुंद असं मोजत होती. कोणतं फूल ओलं, कोणतं सुकलं, ते आजीला दाखवत होती. तिला सगळं येत होतं, पण माझी भाषा येत नव्हती. मलाही तिची येत नव्हती. पण माझ्या वहीत 'मंद' लिहिलं गेलं ते तिच्याच नावापुढं.

मी तो शब्द खोडला. पण उशीर झाला होता. पहिलीत गेल्यावर ती तशीच मुकी बसली आणि वर्षाच्या आत तिची शाळा सुटली. मी जूनमध्येच तिच्या घरी गेले असते तर? हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. इथल्या एकाही लेकरावर तशी पाळी येऊ नये, म्हणून मी आज उभी आहे.

ही अडचण नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढं 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथं वारली समाजाचे पाडे. शाळा उघडली तरी पोरं येईनात. कोणी गुरं राखायचं, कोणी धाकट्या भावाला सांभाळायचं. तेव्हा या बायांनी पोरांना दोष दिला नाही. शाळाच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं चरतात त्या कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणाले. शिकवायला साधनं काय? खडे, बिया, पानं, शंख-शिंपले. आपण आज 'अंगणवाडी' म्हणतो ना, तो शब्द तिथल्या अंगणातून आला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली 2 ऑक्टोबर 1975 रोजी, म्हणजे त्यानंतर कितीतरी वर्षांनी. शाळा अंगणात आली होती, हे लक्षात ठेवा. अंगण तुमचं आहे.

आता घरी करायचं काय, ते सांगते. वेगळा वेळ काढायला मी सांगणार नाही. तुम्हाला वेळ नाही, हे मला ठाऊक आहे.

पहिलं, काम करता करता बोला. भात निवडताना, भाजी चिरताना, आंघोळ घालताना. "मोठी वाटी दे, आता लहान दे." "पाणी गरम की थंड?" "कोंबड्या किती आल्या? एक कुठं गेली?" लेकरू चुकलं तर हसू नका, रागावू नका. बरोबर शब्द आपण एकदा म्हणायचा आणि पुढं जायचं. आणि त्यानं काही विचारलं तर "गप बस" म्हणू नका. विचारणारं लेकरू शिकत असतं.

दुसरं, हाताला काम द्या. तीन वर्षांच्या लेकराचा हात धरून अ-आ गिरवून घेऊ नका. त्याची बोटं अजून तयार नाहीत. त्याला कणकेचा गोळा द्या, शेंगा सोलायला द्या, बिया ओवायला द्या, मातीचे बैल करू द्या, कोळशानं अंगणात रेघा ओढू द्या. बोटांत बळ आलं की पेन्सिल आपोआप धरली जाते. फक्त बारीक बिया नाकातोंडात जाणार नाहीत, एवढी नजर ठेवा.

तिसरं काम आज्यांचं. रात्री गोष्ट सांगा. ऐकलेली सांगा, तुमच्या लहानपणची सांगा, गोंडीत सांगा, झाडीबोलीत सांगा. मध्येच थांबून विचारा, "मग काय झालं असेल?" त्याला पुढचं सांगू द्या.

काही आईबाप म्हणतात, घरात गोंडी बोललो तर पोराला मराठी येणार नाही. असं होत नाही. जे लेकरू घरच्या भाषेत भरपूर बोलतं, त्याला दुसरी भाषा लवकर धरता येते. गोंडी ही तेलुगूच्या कुळातली भाषा, मराठी वेगळ्या कुळातली. तेव्हा लेकराला थोडा वेळ लागणारच, तो द्या. 2011 च्या जनगणनेत जवळजवळ 30 लाख लोकांनी आपली मातृभाषा गोंडी सांगितली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथं पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं लिहिलं आहे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं तर 2019 मध्ये गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळाच काढली. आपल्याला एवढं मोठं जमलं नाही तरी घरात बोलणं जमेल ना? आणि अंगणवाडीच्या ताईला जाऊन सांगा, आमचं लेकरू पाण्याला काय म्हणतं, भुकेला काय म्हणतं. दहा शब्द सांगितले तरी त्या लेकराचं तोंड उघडेल.

आता बापलोकांशी बोलते. तुमच्यापैकी कितीतरी जण गाइड आहेत, जिप्सी चालवतात. पहाटेपासून पाहुण्यांना सांगता, हा पायाचा ठसा वाघिणीचा, हा आवाज चितळाचा, तो वाघ जवळ असल्याची खबर देतो. लांबून लांबून लोक पैसे देऊन ते ऐकायला येतात. ते तुमच्या घरच्या लेकरानं कधी ऐकलं का? मंगळवारी ताडोबाच्या कोअरची सफारी बंद असते. तो दिवस लेकराला द्या. जंगलात नेऊ नका, अंगणातच बसा. धुळीत बोटानं वाघाचा ठसा काढा, बाजूला कुत्र्याचा काढा. "यात नखं दिसतात का? त्यात दिसतात का?" विचारा. अक्षर-अक्षरातला फरक ओळखायला डोळा असाच तयार होतो.

मोबाइलचंही सांगते. लेकरू रडलं की हातात मोबाइल दिला, शांत झालं, आपण सुटलो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांच्या आतल्या लेकराला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसात एका तासाच्या वर नको, कमी तितकं बरं. मोबाइल लेकराशी बोलतो खरा, पण त्याचं ऐकत नाही.

शेवटचं सांगते, ते सगळ्यात अवघड आहे. मोहफुलांचे दिवस आले की तुम्ही अंधारात घर सोडता. लहान लेकराला त्या वेळी रानात नेऊ नका, वाघाचं भय तुम्हाला मी सांगायला नको. पण मग त्याला सांभाळायला तिसरी-चौथीतल्या ताईला घरी ठेवतात. परीक्षा तोंडावर आलेली असते आणि तिची शाळा बुडते. एकाला सांभाळताना दुसरीचं नुकसान होतं. दोन-चार घरांनी मिळून पाळी लावा. एक आजी किंवा एक आई त्या दिवशी मागे राहील, सगळ्यांची लेकरं बघेल आणि वेळ झाली की अंगणवाडीत पोचवेल. तिच्या वाट्याची फुलं बाकीच्यांनी तिला द्यावीत. हे आज उठण्याआधी आपसात ठरवा. मी इथंच बसते.

बाई, तुला सही येत नाही म्हणालीस. सही शिकायची असेल तर मी शिकवीन. पण तोवर थांबू नकोस. आज घरी जा आणि लेकराला विचार, "आज तू काय काय पाहिलंस?" मग ते सांगेल ते सगळं ऐक.