छोटे डिझेल इंजिन हळू का चालत नाही?

छोटी आगगाडी भरधाव पळवायला फारसे कौशल्य लागत नाही. प्रतिकृतीचा कस लागतो तो शंटिंग करताना. अमेरिकेतल्या यार्डांत डबे जोडताना वेग ताशी चार मैलांवर, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटरवर जाऊ नये, असा दंडक आहे. एचओ या तिथल्या सर्वाधिक प्रचलित प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, हा वेग सेकंदाला जेमतेम २० मिलिमीटर भरतो. फूटभर रूळ ओलांडायला इंजिनाने १५ सेकंद घ्यायला हवेत, आणि तेही न अडखळता. प्रत्यक्षात बरीच इंजिने जागेवर गुरगुरतात, मग एकदम उसळी मारून डब्यावर आदळतात. असे झाले की दोष मोटारीला दिला जातो आणि नवी मोटार किंवा महागडा कंट्रोलर विकत घेतला जातो. हा क्रम उलटा आहे, असे मला वाटते. मंद चाल बिघडते ती आधी चाक आणि रूळ यांच्या संपर्कात, मग गिअरच्या दात्यांच्या घर्षणात. मोटार आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची पाळी त्यानंतर येते.

खरे डिझेल इंजिन आपली वीज पोटातच तयार करते. प्रतिकृतीला ती रुळांवरून, चाकांमार्फत उचलावी लागते. म्हणजे मूळ यंत्रात जो दुवा अस्तित्वातच नाही, त्यावर प्रतिकृतीचा सारा भार आहे. त्यातून वजनाचा हिशोब निराळाच. लांबी ८७ पटींनी घटते तेव्हा वजन साडेसहा लाख पटींनी घटते. ११० टनी शंटिंग इंजिन या न्यायाने १७० ग्रॅमच्या आत येते. धातूची भर घालून ते ३०० ग्रॅमचे केले, तरी आठ चाकांत वाटल्यावर एकेका चाकावर ४० ग्रॅमही येत नाहीत. धूळ मात्र प्रमाणात आकसत नाही. मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका कण या दुनियेत चार मिलिमीटरहून जाड पापुद्रा ठरतो, आणि तो चिरडण्याइतका भार चाकावर नसतो. शिवाय ताठ बसवलेल्या चार चाकांपैकी तीनच खात्रीने टेकतात. धुऱ्यांना थोडे वरखाली हलायला वाव असेल तरच चौथे टेकते. रबरी कडे चढवलेले चाक ओढीला बरे, पण वीज घेण्याच्या कामातून ते बादच झाले. आता वीज न मिळणारी मिलिमीटरभर मृत जागा घ्या. ताशी ४० मैलांच्या चालीत इंजिन ती सेकंदाच्या दोनशेव्या भागात ओलांडते आणि पाहणाऱ्याला काही जाणवत नाही. चार मैलांच्या चालीत तीच जागा विसावा भाग सेकंद टिकते आणि इंजिन ठेचकाळते.

यावर फ्लायव्हीलचे उत्तर नेहमी दिले जाते: पितळेचे जड चाक मोटारीच्या दांड्यावर बसवा, ते इंजिनाला पुढे नेईल. वेगात ते नेतेही. पण फिरत्या चाकातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग विसाव्या भागावर आला की साठा चारशेव्या भागावर येतो. मदतीची खरी गरज असते तिथे फ्लायव्हीलची झोळी जवळजवळ रिकामी असते.

मोटारीचा आणि यंत्रणेचा दोष कधीच नसतो, असे मात्र मी म्हणणार नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅथर्न कंपनीने स्वस्त छोटी डिझेल इंजिने काढली, त्यांत मोटारीकडून धुऱ्यांकडे गती रबरबँडनी जात असे. ती सुटत ती बाणासारखीच; कितीही रूळ पुसले तरी ती रांगली नसती. रबरबँडच्या जागी मळसूत्री वर्म गिअर आले आणि हा प्रश्न बराचसा मिटला. चाकाचा व्यास सुमारे पावणेबारा मिलिमीटर आणि गिअरचे प्रमाण १४:१ धरले, तर चार मैलांच्या चालीला मोटारीचे मिनिटाला ४७० फेरे पडतात. दहा-बारा हजार फेऱ्यांची क्षमता असलेल्या मोटारीला ही चाल अवघड आहे खरी, पण पाच ध्रुवांची चांगली मोटार ती पेलते. अडचण सुरुवातीची असते. भरलेले कपाट हलवायला लागतो तेवढा जोर ते सरकू लागल्यावर लागत नाही, दात्यांचेही तसेच. सुटण्यासाठी वाढवलेला विजेचा दाब सुटल्यावर जास्त ठरतो आणि उसळी बसते. नेमके कुठे बिघडले आहे हे धक्क्यांची लयच सांगते. दर ३७ मिलिमीटरला, म्हणजे चाकाच्या एकेका फेऱ्याला धक्का बसत असेल, तर धुऱ्यावरचा गिअर तडकलेला असण्याची दाट शक्यता. प्रोटो २००० या प्रतिकृतींच्या मालिकेतील इंजिनांचा हा प्रसिद्ध आजार. उतारावर इंजिन मागेपुढे हिसके देत असेल, तर वर्मचा दांडा लांबीच्या दिशेने सैल आहे; तिथे पातळ वॉशर पुरतो. धक्क्यांना काही लयच नसेल, तर मोटार उघडू नका, रूळ आणि चाके पुसा.

सर्वांत वजनदार आक्षेप आजच्या डिजिटल नियंत्रणाचा. इंजिनातला डीकोडर मोटारीला क्षणोक्षणी विजेचे ठोके देतो, दोन ठोक्यांमध्ये मोटार स्वतः जनित्र होऊन जो दाब निर्माण करते तो मोजतो आणि वेग घटला की ठोका लांबवतो. घर्षणातला चढउतार त्यामुळे खरोखर झाकला जातो. सुरुवातीची उसळीही मावळते. पण हा डीकोडरही त्याच चाकांमधून वीज घेतो. संपर्क तुटला की मोजणाराच बेशुद्ध पडतो. साधी मोटार नुसती अडखळली असती, तिथे डीकोडर पुन्हा जागा होऊन आदेशाची वाट पाहतो. म्हणून आता त्याला कपॅसिटरची शिदोरी जोडतात. फ्लायव्हीलपेक्षा ती नि:संशय सरस, कारण तिचा साठा वेगावर अवलंबून नाही. पण मुळात ही सोय संपर्कासाठीच करावी लागली, हे ध्यानात घ्या. छोट्या शंटिंग इंजिनाच्या खोक्यात तिला जागा मिळणेही कठीण. त्यापेक्षा रुळातला दोष काढलेला बरा. सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा अनेकदा प्लॅस्टिकचा असतो, आणि आखूड इंजिन हमखास तिथेच थबकते. तो धातूचा घेऊन त्याला सांध्याबरोबर बदलणारी वीज देणारी एक तार आणि एक स्विच जोडला, तर त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक इंजिनाचे काम होते, त्यात डीकोडर असो वा नसो.