हातातून सोडणारे क्रियापद



‘इमॅन्सिपेट’ या इंग्रजी क्रियापदाचे भाषांतर ‘मुक्त करणे’ असे करून आपल्याकडे मोकळे होण्याची प्रथा आहे. त्याच्या पोटात मात्र ‘हात’ आहे. रोमन कायद्यात ‘मँसिपियम’ म्हणजे हाताने धरून मिळवलेली मालकी. बाप मुलाला आपल्या सत्तेबाहेर काढी, तो विधी म्हणजे इमॅन्सिपेशन. आणि गंमत अशी, की त्यासाठी मुलाची तीनदा लटकी विक्री करावी लागे. गुलामाच्या सुटकेसाठी ‘मॅन्युमिट’ हे वेगळे क्रियापद होते. दोहोंचा कर्ता धनीच. सुटणारा केवळ कर्म.

पुढे हा शब्द गुलामांकडे आला. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा जाहीरनामा निघाला. त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला होता आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अमरावतीकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले.

आणि वऱ्हाड तरी कुठे मोकळे होते? कंटिंजंट फौजेच्या थकबाकीपोटी निजामाने १८५३ मध्ये ते कंपनीच्या स्वाधीन केले. १८६० च्या तहाने ५० लाखांचे कर्ज रद्द झाले. प्रांत मात्र परत मिळाला नाही. १९०२ मध्ये तो वार्षिक २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेण्यात आला. कर्ज सरले, गहाण राहिले!

अकोल्याच्या शिवारातील सालगड्याला हा हिशेब नवा नाही. गुढीपाडव्याला साल ठरते, उचल मिळते. उचल फिटेपर्यंत दुसऱ्याच्या बांधावर जायचे नाही, असे जेथे चालते तेथे करार उरत नाही, वेठ सुरू होते. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याची शब्दयोजना येथे पाहण्यासारखी आहे. धन्याने मुक्त करावे, असे तो म्हणत नाही. वेठबिगार मुक्त झालेलाच आहे, बांधील कर्ज फेडण्याचे दायित्व संपलेलेच आहे, असे तो म्हणतो. कर्तेपणातून धनी गेला. १९८४ मध्ये नीरजा चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुटकेबरोबर पुनर्वसन हेही शासनाचे कर्तव्य ठरवले. कारण हाताला काम नसले, तर सुटलेला माणूस पुन्हा त्याच दारी जातो.

कार्यकर्त्यांचे अर्ज मात्र पुष्कळदा जुन्याच व्याकरणाने लिहिलेले असतात : ‘मालकाने कर्ज माफ करावे.’ माफी कशाची? अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा, त्याची प्रत दक्षता समितीला द्यावी. मागणी मुक्तीच्या दाखल्याची व पुनर्वसनाची असावी, आणि उचलीचा आकडा केवळ पुराव्यापुरता लिहावा.