वासना आणि घास

कवटीस धक्का न लावता मेंदू चेतविण्याची युक्ती 1985 साली शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविली. डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरावे, त्यातून विजेचा क्षणिक झोत सोडावा. चुंबकीय स्पंद उठतो आणि माणसाचा हात त्याच्या इच्छेवाचून हलतो!

पुढे लंडनमधील संशोधकांनी हेच स्पंद खाण्याच्या वासनेवर योजून पाहिले. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात 28 स्त्रिया होत्या. समोर रुचकर पदार्थ मांडलेले. ज्यांच्यापुढे स्पंदांचा नुसता देखावा केला, त्यांची वासना वाढली. खरे स्पंद मिळालेल्यांची होती तेथेच थांबली. उपवासकाळ पाळणाऱ्या घरांना हेवा वाटावा असे हे यंत्र! परंतु नंतर खाण्याची मोकळीक मिळताच दोन्ही गटांच्या खाण्यात लक्षणीय फरक आढळला नाही.